ढावलो आणि कॉलरचा माइक

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की महागावच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. गच्च भरलेल्या गाडीतून जो कापूस बाहेर लोंबतो, तो काटे ओढून घेतात, आणि मग संक्रांतीपर्यंत तो तिथंच धुळीनं मळत राहतो. शाळेत जाताना स्कूटीवरून मी हे दरवर्षी बघते. पहिले चार दिवस बरं वाटतं. पुढं नजरेला सवय होते आणि मी पुन्हा खड्डे बघत गाडी चालवू लागते.

याच दिवसांत मोबाइलवर फिल्म काढायच्या स्पर्धांचंही पीक येतं. जिल्ह्यात कुठं ना कुठं कुणीतरी ती भरवतं, आणि मला फोन येऊ लागतात. मॅडम, गिंबल घ्यावा का? मॅडम, साध्या फोनवर होते का फिल्म? मॅडम, माइक कोणता? माझी आजवर एकच फिल्म निघाली, तीही अर्धीच. पण वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी या तालुक्यात जाणकार ठरले आहे.

पूर्वी मी एक ठरलेलं उत्तर देत असे. साहित्याचं काय घेऊन बसलात, नजर हवी, तळमळ हवी. हे उत्तर सगळ्यांना आवडतं. विचारणाऱ्याचा खर्च वाचतो, सांगणारी मोठी दिसते. आता मला त्या वाक्याचाच कंटाळा आला आहे. असं बोलणारे मी व्हिडिओत बघते, तेव्हा त्यांच्या मागच्या फळीवर चार कॅमेरे मांडून ठेवलेले असतात. ज्याच्या घरी सगळं आहे त्यालाच काही लागत नाही. मी हल्ली फोनवर नुसतं "बघू, सांगते" म्हणते आणि सांगत नाही.

ती फिल्म काढली त्या वर्षी भाऊनं कापूस विकला नव्हता. भाव वाढेल म्हणून तांड्यावरच्या घरात समोरची अख्खी खोली भरून ठेवली होती. दारातून आत गेलं की दोन माणसं बसतील एवढीच जागा, बाकी तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस. आमच्याकडे हे नवं नाही. लहानपणी मी आणि भाऊ अशा खोलीत शिरून जोरात ओरडायचो. आवाज तोंडातून निघायचा आणि तिथंच विरायचा, भिंतीला लागून परत यायचाच नाही. त्याची आम्हाला गंमत वाटायची आणि थोडी भीतीही. मग अंगाला खाज सुटायची, याडी आम्हाला मोरीत उभं करून चोळून काढायची आणि वर दोन धपाटे द्यायची. याडी म्हणजे आई. आम्ही गोर बंजारा, आमच्या बोलीत आईला याडीच म्हणतात. ती माझ्याशी गोरबोलीतच बोलते. इथं तिचं बोलणं मी वऱ्हाडीत लिहिते आहे, एखादं वाक्य सोडून.

कापसाच्या खोलीत दुपारचा उजेड वेगळा असतो. ऊन दारातून आत येतं आणि तिन्ही बाजूंच्या पांढऱ्यावरून परत फिरतं, त्यामुळे माणसाच्या तोंडावर सावली म्हणून पडत नाही. सुरकुत्यासुद्धा नरम दिसतात. त्या खोलीत माझी याडी मला दहा वर्षांनी लहान वाटायची. मी कधी थांबून त्याचा विचार केला नव्हता. दिवसभर शाळा, येता येता भाजी, घरी सासऱ्यांचं पथ्य, रविवारी वेचणीला बाया मिळाल्या नाहीत तर आमच्याच शेतात कंबरेला ओटी बांधून उभं राहणं. त्यात उजेडाचा विचार करायला सवड कुणाला?

सवड गावंडे सरांना होती. ते आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात. सरकारी वेळापत्रकात चित्रकलेचे तास कमी आणि सरांचा उत्साह जास्त, त्यामुळे तो कुठंतरी सांडणारच. त्या वर्षी तो मोबाइलच्या फिल्मवर सांडला होता. त्यांच्या पाठीवर कायम एक काळी पिशवी असायची. त्यात गिंबल, म्हणजे फोन हलू नये म्हणून धरायचा दांडा, तीन पायांचा स्टँड, गोल दिवा, आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे कॉलरला लावायचा बिनतारी माइक. फोनपेक्षा त्या पिशवीचीच ते जास्त काळजी घेत. नाकापेक्षा मोती जड, असं मी त्यांना एकदा म्हटलंही.

"मॅडम, तुम्ही हसा," ते म्हणाले, "पण चित्र कसंबी असू द्या, लोक पाहून घेते. आवाज फाटका असला का माणूस फिल्म बंद करून टाकते. माइक नाही तं काही खरं नाही."

सर बरोबरच बोलत होते. हे मी आजही म्हणते.

त्यांना स्पर्धेसाठी विषय हवा होता. स्टाफरूममध्ये डबा खाताना माझ्या तोंडून ढावलोचं निघालं. सासरी जाणाऱ्या मुलीनं आणि तिच्या माणसांनी एकमेकांच्या गळ्यात पडून म्हणायचं ते गाणं. गाणं तरी कसं म्हणू, सुरात रडणंच ते. आई मुलीला, मुलगी आईला, मग काकीला, भावाला, गोठ्यातल्या बैलालासुद्धा. पूर्वी लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया मुलीला ढावलो शिकवत बसायच्या. आता पाठवणीच्या वेळी गाडीवर डीजेचे एवढे मोठे डबे वाजतात की मुलगी काय म्हणते ते नवऱ्यालाही ऐकू येत नाही. आमच्या तांड्यात पूर्ण ढावलो येणारी माझी याडी तेवढी उरली होती, आणि तिलाही मधल्या ओळी दगा देऊ लागल्या होत्या. चहात साखर टाकली की नाही हे ती दोनदा विचारायची. औषध घेतल्याचं विसरायची. हे वाढत जाणार, असं उमरखेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणजे घाई होती, आणि ती माझी होती. स्पर्धेचं मला काही पडलेलं नव्हतं.

गावंडे सर घास हातात धरून बसले. "मॅडम, हेच. दुसरं काहीच नको."

तांड्यावर गेलो तर याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सरांनी नमस्कार केला, विषय मांडला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, कोणी जाऊन नाही राह्यलं तं ढावलो कायले म्हणू? घरात बसल्या बसल्या ढावलो म्हटला तं घरातलंच कोणी जाते म्हणते."

सर माझ्याकडे बघू लागले. मला ठाऊक होतं ती असंच म्हणणार. तिच्या बाजूला माझी भावजय कविता बसली होती. ती माझ्याकडे बोट करून हसत म्हणाली, "बाई, मंग आपल्या अक्काले पाठवा न. तिचा ढावलो तसाबी राह्यलाच हाय."

कवितानं ते थट्टेत म्हटलं होतं. याडी मात्र हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

माझं लग्न सामूहिक विवाह सोहळ्यात झालं. मैदानात मांडव, ओळीनं जोडपी, पुढं पुढाऱ्यांची भाषणं. एका पुढाऱ्याची गाडी उशिरा आली म्हणून आमचा मुहूर्त थांबला होता, ते बरीक लक्षात आहे. जेवणं उरकली आणि लाउडस्पीकरवरून सांगू लागले, ज्यांचे लग्न लागले त्यांनी आपापल्या गाड्या लावून घ्या, मागच्यांना जागा करा. याडी आरशांची ओढणी डोक्यावर घेऊन तयार उभी होती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, तोंड उघडलं, आणि शेजारच्या वऱ्हाडाचा बँड सुरू झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती काय म्हणाली, म्हणाली की नाही, मला काही कळलं नाही. गाडीच्या काचेतून तिचं तोंड उघडं दिसलं तेवढंच. पुढं मुलं झाली, नोकरी लागली, कितीदा माहेरी गेले आले. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

अंगणात तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग शेंगांचं सूप बाजूला सारून मला म्हणाली, "माह्या गळ्यात तो तसाच अडकून राह्यला वं. तू जाशीन असं उभी राह्यशीन का?"

मी हो म्हटलं. माझ्या वयाच्या बाईनं, पांढरे केस मेंदीनं झाकणाऱ्या बाईनं, आईपुढं नवरी म्हणून उभं राहायचं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

रविवारी आम्ही गेलो. त्या दिवशी सर अगदी मन लावून काम करत होते. अंगणात बघितलं तर वारा, कोंबड्या, लांब कुठंतरी मळणीयंत्राची घरघर. कवितानंच कापसाची खोली सुचवली. सर आत शिरले, एक टाळी वाजवली आणि कान देऊन उभे राहिले. टाळी तिथल्या तिथं विरली. "काय खोली हाय मॅडम," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "शहरात याच्यासाठी भिंतीले गाद्या ठोकते लोक." त्यांनी गोल दिवा काढला, लावला, फोनमध्ये बघितलं, बंद केला आणि मुकाट्यानं पिशवीत ठेवला. कापसावरून येणारा उजेडच चांगला होता. कपाशीची सवय नसणाऱ्यांचं होतं तसं थोड्याच वेळात त्यांचं झालं. दोन्ही हात खाजवत ते स्टँड लावत होते आणि आम्ही दोघी नणंद-भावजय पदरात तोंड लपवून हसत होतो.

याडी तयार होऊन आली तेव्हा आमचं हसू थांबलं. तिनं पेटीतला फेटिया, काचोळी, म्हणजे आमचा घागरा आणि चोळी, काढली होती. आरसे लावलेली ओढणी, केसांत कानांजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. चालली की सगळं अंग वाजत होतं. सरांनी माइक तिच्या ओढणीला, छातीपाशी लावून दिला. "माय, काही बोला," ते म्हणाले. याडीनं विचारलं, "काय बोलू? मास्तर, जेवले का तुम्ही?" फोनमधून ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की सर आनंदानं जवळजवळ उडालेच. मी दोन पावलं पुढं झाले. कवितानं दार अर्धं लोटलं.

ढावलो कसा सुरू होतो ते मला सांगता येणार नाही. आधी एक लांब हाक निघाली, याडीचा आवाज मी ओळखत होते त्याहून खूप जुना. मग ती माझ्या गळ्यात पडली. तिची उंची आता माझ्या खांद्याएवढी राहिली आहे. तिचं कपाळ माझ्या गळ्याशी, घुगऱ्यांची थंड चांदी माझ्या कानाच्या पाळीला, आणि ओढणीला पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास. ती म्हणत होती आणि मी काही धड ऐकत नव्हते. मी रडत होते. इतकी वर्षं माझं मला ठाऊक नव्हतं की माझ्यातही ते अडकलं आहे. तिथं मी कुणाची मॅडम नव्हते, कुणाची सून नव्हते. मला हुंदके आवरत नव्हते आणि आवरायचेही नव्हते. सरांचं, फोनचं भान राहिलं नाही. कविताही दाराला टेकून रडत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

झालं. याडीनं डोळे पुसले, घुगऱ्या सारख्या केल्या आणि चूळ भरायला मोरीकडं गेली.

सरांनी फोन स्टँडवरून काढला आणि लावून बघितलं. चित्र सुंदर होतं. असा उजेड, अशा दोन बाया. आवाज नव्हता. म्हणजे होता, कापडाची खरखर, घुगऱ्यांचा खणखणाट, कुणीतरी पोत्यावर बसल्यासारखे धप् धप् आवाज. ओळ एकही नाही.

"मॅडम," सर फोन खाली ठेवत म्हणाले, "माइक तुमच्या दोघीच्या मंधात दबला."

"आणि फोनचा स्वतःचा?"

"हा जोडला का तो बंद होते."

आता सांगते आहे तर हसू येतं. गळ्यात पडून म्हणायच्या गाण्याला आम्ही छातीवर माइक लावला होता. गावंडे सरांनी आमची लग्नं लांबून पाहिलेली, त्यांना काय कळणार? पण कविता आणि मी ढावलो बघतच मोठ्या झालो. याडीनं तर जन्मभर तो म्हटला. तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. टाळी वाजवून खोली तपासली, दिवा तपासला, मास्तर जेवले का तेही तपासलं. गळाभेट कुणी तपासली नाही. आधी बोलायला हवं तिथं आम्ही बायका नेहमी म्हणतो, मास्तरला माहीत असंल.

सर मोरीपाशी गेले. फार अजिजीनं म्हणाले, "माय, अजून एक डाव म्हटलं तं? एकच डाव."

याडी तोंड पुसत होती. तिला राग आला नव्हता, तिला प्रश्नच समजला नव्हता. "मास्तर, पाठवली न म्या पोरगी. आता पुन्हा कायची पाठवू?"

मी सरांना खुणेनंच नको म्हटलं. ती त्या दिवशी दोन भाकरी जेवली आणि दुपारी गाढ झोपली. कविता म्हणाली, अशी झोप किती महिन्यांत लागली नव्हती.

पुढं सरांनी पुष्कळ खटपट केली. खरखर काढून टाकणारं एक ॲप त्यांनी लावलं, तर त्यानं खरखरीबरोबर होतं नव्हतं तेही पुसून टाकलं. मग त्या चित्राखाली कुठलीशी बासरी लावू म्हणाले. त्यावरून आमचं थोडं वाजलं. माझ्या याडीच्या तोंडातून बासरी निघालेली मला चालणार नव्हती. स्पर्धेला त्यांनी दुसरंच काहीतरी पाठवलं. भाऊनं कापूस विकला, खोली रिकामी झाली, भिंतीवर तेवढे पांढरे पुंजके राहिले. त्यानंतर सर एकदा पुन्हा आले. नुसते शब्द तरी सांगा, मी लिहून घेतो, म्हणाले. याडी पाटावर बसून सांगू लागली. दोन ओळी आल्या, तिसरीला अडखळली. वर बघत राहिली. मग म्हणाली, "असं बसून नाही येत मास्तर. कोणी गळ्यात असलं तं येते."

आता तर तिला पहिली हाकही येत नाही. मला ती कधीकधी कविता म्हणते आणि मी ओ देते.

म्हणून कुणी विचारलं की साहित्यानं फरक पडतो का, तर माझ्या मनात येतं, पडतो हो. एखादा जुना फोन नुसता कापसावर ठेवला असता तरी पुरला असता. कविताचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तळमळ आमच्याकडे पोतंभर होती. याडीकडे तर आम्हा सगळ्यांहून जास्त. तळमळीनं ढावलो म्हटला गेला, राहिला मात्र नाही. तो ठेवायला वस्तूच लागते. आणि ती वस्तू आपल्या माणसांच्या गळ्यात पडण्याच्या रीतीला पुरेल की नाही, हे कुठल्याही दुकानात सांगत नाहीत. हे सगळं फोनवर कुणाला समजावून सांगायचं माझ्यात त्राण नसतं.

त्याच वर्षी मार्च सुरू झाला तेव्हा माझ्या पुढ्यात पेपरांचे गठ्ठे होते. घरी नात्यातल्या लग्नाचे पाहुणे, सासऱ्यांना ताप, शाळेत परीक्षेची ड्यूटी. फोन भरला म्हणून वर्गाचे फोटो पाठवता येईनात. ऑफ तासाला बसून मी एकेक पुसू लागले. सरांनी मला ती फाइल दिलेली होती. सगळ्यांत मोठी तीच. पुसण्याआधी कानात तारा घालून एकदा शेवटपर्यंत लावली. तोवर कुणीच ती शेवटपर्यंत कान देऊन ऐकली नव्हती. कोण ऐकणार, नुसती खरखर.

खरखर चालू राहिली, घुगऱ्या वाजत राहिल्या, त्यात माझे हुंदके. मग एका ठिकाणी गाणं थांबतं. चित्रात दिसतं, याडी श्वास घ्यायला थोडी मागं झाली आहे आणि मान खाली घालून माझ्या हातांकडे बघते आहे. माइकवरचा दाब सुटला असावा. तेवढ्यात तिचा आवाज येतो, गाण्यातला नव्हे, रोजचा, अगदी हळू. मला ऐकू जावं म्हणून नव्हे, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा.

"घणी थाकगी बेटी."

फार थकली गं पोरगी. आणि ती परत माझ्या गळ्यात पडते, पुन्हा खरखर.

मी तारा काढल्या. शेजारी दोन शिक्षक महागाई भत्त्यावर वाद घालत होते. घंटा झाली, मी वर्गावर गेले, सुपरव्हिजन केलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे, मॅडमचं कसं सगळं वेळेवर असतं. एकीनं बघितलं होतं आणि बघितल्याचं तीही आता विसरली होती.

रविवारी घरी कुणाला कारण न सांगता मी तांड्यावर गेले. हातात पेपरांचा गठ्ठा नाही, पिशवी नाही. याडी ओट्यावर बसली होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला.

"काहून आली वं?" तिनं विचारलं.

"झोपायले," मी म्हटलं.

ती भिंतीला धरत उठली, आत जाऊन गोधडी अंथरली आणि अंगणात बोलणाऱ्या बायांना हातानं गप्प करत दार ओढून घेतलं.